रोज अंगावर पित्त उठतं आणि अँटी-टीपीओ वाढलेलं आहे : थायरॉइडशी खरंच संबंध असतो का?

केतकीबन

गेले काही महिने माझ्या अंगावर जवळजवळ रोज पित्त उठतंय. मांड्या, पोट, पाठ, कधी तळपायसुद्धा. लालसर, उंच गांधी येतात, जीव नकोसा करणारी खाज सुटते, काही तासांत त्या मावळतात आणि दुसरीकडे नव्या उठतात. अधूनमधून सकाळी वरचा ओठ किंवा पापणी सुजलेली असते. त्वचारोगतज्ज्ञांनी सेटिरिझिन रोज एक दिली आहे. त्याने कमी होतं, पण थांबत नाही.

रक्ततपासणीत सीबीसी, ईएसआर ठीक. टीएसएच (थायरॉइडला काम करायला सांगणारं संप्रेरक; थायरॉइड कमी पडलं की ते वाढतं) ३.१, म्हणजे मर्यादेत. पण अँटी-टीपीओ, म्हणजे प्रतिकारशक्तीने थायरॉइडविरुद्ध बनवलेल्या अँटीबॉडीज, ६४० आलंय, प्रयोगशाळेची मर्यादा ३५ आहे. एक डॉक्टर म्हणाले, "याचा आणि पित्ताचा काही संबंध नाही." दुसरे म्हणाले, "हेच मूळ आहे." मग नेमकं काय समजायचं? थायरॉइडची गोळी सुरू केली तर पित्त जाईल का? कोणाला असा अनुभव असेल तर कृपया लिहा.

रानपाखरू

मलाही दोन्ही आहे, हाशिमोटो (शरीर स्वतःच्याच थायरॉइडवर हल्ला करतं तो आजार) आणि अर्टिकेरिया, म्हणजे हे पित्त. वाचतेय.

अनिरुद्ध_द

केतकीताई, माझा अनुभव अगदी स्पष्ट आहे. टीएसएच १२ होतं, अँटीबॉडीज भरपूर, आणि अंगावर सतत गांधी. थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉइडची गोळी, सुरू झालं आणि काही महिन्यांत पित्त पूर्ण थांबलं. आता सेटिरिझिनसारखं अँटिहिस्टामिन लागतच नाही. माझं मत विचाराल तर वेळ घालवू नका, गोळी सुरू करून घ्या.

तर्ककर्कश

अनिरुद्ध, तुमचं टीएसएच १२ होतं, त्यांचं ३.१ आहे. हा फरक छोटा नाही. तुम्हाला थायरॉइड कमी पडत होतं म्हणून गोळी हवीच होती. त्यांना ती कशासाठी द्यायची?

आणि दुसरं, अँटी-टीपीओ निरोगी माणसांतही सापडतं. अमेरिकेच्या मोठ्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीत सुमारे १३ टक्के लोकांत ते होतं, बायकांत जास्त. इतकी सर्रास आढळणारी गोष्ट एखाद्या आजारासोबत दिसली की लगेच नातं जोडायचं, हे मला पटत नाही.

त्वचावैद्य

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. कोणालाही न तपासता औषध सांगणार नाही, पण विषय समजावून देता येईल, कारण यावर रुग्णांना फार उलटसुलट सांगितलं जातं.

केतकी, सहा आठवड्यांपेक्षा जास्त काळ गांधी उठत असतील आणि बाहेरचं ठरावीक कारण सापडत नसेल, तर त्याला क्रॉनिक स्पॉन्टेनियस अर्टिकेरिया म्हणतात. जगात साधारण शंभरात एकाला तो असतो, आणि पुरुषांच्या जवळपास दुप्पट बायकांना. बहुतेक रुग्ण बाहेर कारण शोधत राहतात : साबण, कपडे, धूळ, जेवणातला एकेक पदार्थ. कारण बहुतेक वेळा आत असतं.

त्वचेत मास्ट पेशी असतात. त्यांच्यातून हिस्टामिन बाहेर पडलं की बारीक रक्तवाहिन्या पाझरू लागतात, तेवढी जागा फुगते आणि खाजते. प्रश्न एवढाच की या पेशींना चेतवतं कोण? आज दोन वाटा चांगल्या माहीत आहेत. पहिलीत शरीर स्वतःच्याच प्रथिनांविरुद्ध आयजीई, म्हणजे ॲलर्जीत दिसणाऱ्या जातीची अँटीबॉडी, बनवतं. ते मास्ट पेशीवर जाऊन बसतं आणि ते प्रथिन भेटलं की पेशी हिस्टामिन सोडते. या प्रथिनांमध्ये टीपीओ, म्हणजे थायरॉइडमधलं एन्झाइम, आहे. बर्लिनच्या संशोधकांनी अर्टिकेरियाच्या बऱ्याच रुग्णांत टीपीओविरुद्धचं आयजीई सापडल्याचं २०११ मध्ये प्रसिद्ध केलं. दुसऱ्या वाटेत आयजीजी जातीच्या अँटीबॉडीज मास्ट पेशीवरच्या आयजीईच्या रिसेप्टरलाच चिकटतात आणि पेशीला थेट चेतवतात. लंडनच्या गटाने हे १९९३ मध्ये दाखवलं.

आता तुमचा रिपोर्ट. प्रयोगशाळेत नेहमी मोजतात ते अँटी-टीपीओ आयजीजी जातीचं असतं. ते स्वतः गांधी उठवतं असं सिद्ध झालेलं नाही. पण ते इतकं वाढलेलं असणं म्हणजे तुमची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच ऊतींवर चालून जाणाऱ्यांपैकी आहे, याची खूण. थायरॉइडचा आजार आणि पित्त ही एकाच घरातली दोन भावंडं समजा. एकाने दुसऱ्याला जन्म दिलेला नाही.

निळाई

डॉक्टर, किती सोप्या भाषेत लिहिलंत. माझ्या बहिणीला इतकी वर्षं "ताण घेऊ नका" एवढंच सांगितलं गेलं. ताणाने तिचं पित्त वाढायचं हे खरं, पण तोच रोग आहे असं समजून ती स्वतःलाच दोष देत राहिली.

तर्ककर्कश

त्वचावैद्य, यंत्रणा पटली. पण माझा मुद्दा संख्येचा होता. रुग्णांत अँटीबॉडीज खरंच जास्त आढळतात, की अर्टिकेरियावाले डॉक्टरकडे वारंवार जातात, त्यांच्या तपासण्या जास्त होतात आणि म्हणून जास्त सापडतात?

त्वचावैद्य

प्रश्न रास्त आहे. हा संबंध पहिल्यांदा नीट मोजला गेला १९८३ मध्ये. त्या अभ्यासात १४० रुग्णांपैकी १७ जणांना थायरॉइडची ऑटोइम्युनिटी (शरीराचाच स्वतःवर हल्ला) होती, म्हणजे १२ टक्के, आणि तुलनेच्या गटात ५.६ टक्के. फरक दुपटीचा, तोही लहान गटात. तिथे थांबलं असतं तर मीही सावधच राहिले असते.

२०१२ मध्ये इस्रायलमधून खूप मोठी आकडेवारी आली. क्रॉनिक अर्टिकेरियाचे १२,७७८ रुग्ण आणि हा आजार नसलेले १०,७१४ लोक. हायपोथायरॉइडिझम, म्हणजे थायरॉइड कमी पडणं, रुग्णांत ९.८ टक्के, दुसऱ्या गटात ०.६ टक्के. तपासण्या जास्त झाल्यामुळे फरक थोडा फुगला असेल, हे मान्य. पण सोळा पट फरक केवळ तपासणीने पडत नाही. शिवाय त्याच अभ्यासात अर्टिकेरिया असलेल्या बायकांत र्‍हुमॅटॉइड संधिवात, सीलिअॅक आजार, टाइप १ मधुमेह, ल्युपस हेही जास्त दिसले. सगळे ऑटोइम्युन. म्हणून या रुग्णांची थायरॉइड तपासणी करावी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

तर्ककर्कश

सोळा पट असेल तर माझा आक्षेप मागे. गोळीबद्दलचा मात्र कायम आहे.

अनिरुद्ध_द

पण मग माझं पित्त गेलं त्याचं काय? मी ते अनुभवलंय, कल्पना केलेली नाही.

त्वचावैद्य

अनिरुद्ध, तुमचा अनुभव कोणी नाकारत नाही. थायरॉइड कमी पडत असताना तो भरून काढल्यावर काहींचं पित्त सुधारतं, आणि तुमच्या बाबतीत तसं झालं असण्याची पूर्ण शक्यता आहे. पण हा आजार बऱ्याच जणांत दोन ते पाच वर्षांत आपला आपण मावळतो आणि मधल्या काळात वरखाली होतो. त्यामुळे एका माणसाच्या बाबतीत श्रेय गोळीचं की काळाचं, हे सांगता येत नाही.

टीएसएच नॉर्मल असलेल्यांना थायरॉक्सिन देण्याचे प्रयोग झाले आहेत. १९९५ मध्ये मोजक्या रुग्णांवरचा एक अभ्यास आला, त्यातल्या बऱ्याच जणांना बरं वाटलं. पण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. नंतरचे निष्कर्ष उलटसुलट आहेत. म्हणून टीएसएच ३.१ असताना केवळ पित्तासाठी थायरॉक्सिन सुरू करणं मला योग्य वाटत नाही. गरजेपेक्षा जास्त थायरॉक्सिन म्हणजे धडधड, वयस्करांत हृदयाची लय बिघडणं, हाडं ठिसूळ होणं. पित्त जाईल या आशेवर हे ओढवून घेऊ नये.

सुमेधा_आजी

माझं वय झालंय, पण पित्ताचा त्रास तरुणपणापासून पाहिला. आमच्या वेळी कोणी रक्त तपासत नव्हतं. पुढे थायरॉइड निघालं ते कितीतरी वर्षांनी, थकवा आणि सूज आल्यावर. केतकी बाळ, तुझं लवकर कळलं ते चांगलं झालं. पित्तामुळे तपासणी झाली म्हणून तरी कळलं.

पानगळ

थोडं विषयांतर. हाशिमोटो हे एका जपानी सर्जनचं नाव. हाकारू हाशिमोटो यांनी १९१२ मध्ये, तिशीच्या आसपास असताना, चार बायकांच्या थायरॉइडच्या गाठी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून वर्णन लिहिलं : ग्रंथीत पांढऱ्या पेशींची गर्दी झालेली. हे शरीराचंच स्वतःवरचं आक्रमण आहे हे लंडनमध्ये १९५६ साली कळलं, रुग्णांच्या रक्तात थायरॉइडविरुद्धच्या अँटीबॉडीज सापडल्या तेव्हा. हाशिमोटो १९३४ मध्येच वारले होते. आपल्या शोधाचा खरा अर्थ त्यांना कळला नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

रानपाखरू

पानगळ, माहीत नव्हतं. अशी विषयांतरं चालतील :)

कोणी आहार बदलून पाहिलाय का? मी एकामागून एक इतकं बंद केलं की वजन उतरलं, पित्त आहे तिथेच.

त्वचावैद्य

रानपाखरू, कृपया थांबवा. खाण्याच्या ॲलर्जीत गांधी खाल्ल्यावर थोड्या वेळात उठतात आणि दर वेळी त्याच पदार्थाने. महिनोन्महिने रोज, वेळीअवेळी उठणाऱ्या पित्ताचं कारण मोठ्या माणसांत एखादा पदार्थ असणं फारच विरळ. अशक्तपणा ओढवून घेऊ नका, थायरॉइडचा त्रास असताना तर नकोच.

एका गोष्टीकडे मात्र लक्ष द्या : आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲस्पिरिन यांसारखी वेदनाशामकं. अर्टिकेरियाच्या बऱ्याच रुग्णांत त्यांनी गांधी भडकतात. डोकं दुखलं, पाळीत पोट दुखलं की आपण सहज घेतो, आणि संध्याकाळी अंग का फुललं ते कळत नाही.

निळाई

अगदी हेच! बहिणीच्या पाळीच्या दिवसांत पित्त दुप्पट व्हायचं आणि आम्ही हार्मोन्सना दोष द्यायचो. डॉक्टरांना विचारून तिने गोळी बदलली, तेव्हा कुठे फरक पडला.

समुद्रफेन

मी प्रयोगशाळेत काम करते. थायरॉइडची तपासणी करणाऱ्यांनी एक जरूर पाळा : केस-नखांसाठी बायोटिनच्या जास्त ताकदीच्या गोळ्या घेत असाल तर तपासणीआधी निदान दोन दिवस बंद ठेवा आणि तसं सांगा. अनेक यंत्रांच्या पद्धतीत बायोटिन गोंधळ घालतं. टीएसएच खोटं कमी, टी-फोर खोटं जास्त दिसू शकतं, अँटीबॉडीजचे आकडेसुद्धा चुकू शकतात. थायरॉइडवाल्यांचे केस गळतात म्हणून हीच मंडळी बायोटिन जास्त घेतात.

केतकीबन

सगळ्यांचे मनापासून आभार. समुद्रफेन, मी बायोटिन घेतेच आहे! तपासणीच्या वेळीही घेत होते. म्हणजे परत करावी लागणार.

डॉक्टरांनी दरम्यान एकूण आयजीई करायला सांगितलं होतं, ते अगदी कमी आलंय. आणि सेटिरिझिनचा डोस दुप्पट केला आहे. एका गोळीचं ठीक, पण दोन-दोन, पुढे चार म्हणतात. मला भीती वाटते. आणि अँटी-टीपीओ दर महिन्याला करून ते उतरतंय का ते बघू का?

त्वचावैद्य

आधी भीतीबद्दल. अर्टिकेरियाच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत हीच पायरी आहे. नव्या पिढीचं, कमी गुंगी आणणारं अँटिहिस्टामिन रोज, खाज असो वा नसो. दोन ते चार आठवड्यांत ताबा आला नाही तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली चौपटीपर्यंत. त्यानेही भागलं नाही तर ओमालिझुमॅब, दर चार आठवड्यांनी ३०० मिलिग्रॅमचं इंजेक्शन. त्यानंतर सायक्लोस्पोरिन हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध, ज्यात रक्तदाब आणि मूत्रपिंडाकडे सतत लक्ष ठेवावं लागतं. डोस स्वतःहून वाढवायचा नाही, इतकंच.

मला खरी काळजी वाटते ती स्टेरॉइडची. फार भडकलं तर थोडे दिवस ठीक, पण महिनोन्महिने प्रेडनिसोलोनवर असलेले रुग्ण मी पाहते तेव्हा अस्वस्थ होते. गांधी दबतात, आणि शरीराची किंमत मोजून दबतात.

आता आयजीई. एकूण आयजीई कमी आणि अँटी-टीपीओ जास्त, ही जोडी दिसली की आम्ही वर सांगितलेल्या दुसऱ्या वाटेचा, आयजीजीवाल्या प्रकाराचा विचार करतो. म्हणूनच त्या मार्गदर्शक तत्त्वांत तज्ज्ञांकडे या दोन तपासण्या एकत्र करायला सांगितलं आहे. या प्रकारात अँटिहिस्टामिन कमी पुरं पडतं, आणि ओमालिझुमॅब लागलंच तर त्याचा गुण यायला वेळ लागतो. काहींना पहिल्या आठवड्यातच फरक दिसतो, या प्रकारात काही महिने जाऊ शकतात. त्यामुळे एक-दोन इंजेक्शनांत "माझ्यावर लागू पडत नाही" असं ठरवू नका. थायरॉइडच्या अँटीबॉडीजचा पित्तासाठी सर्वांत मोठा उपयोग मला इथे वाटतो : उपचाराला किती धीर धरायचा हे त्या सांगतात.

अँटी-टीपीओ दर महिन्याला करू नका. आकडा वरखाली होत राहतो, पित्ताच्या चढउताराशी त्याचा मेळ बसत नाही आणि मनाला घोर लागतो. तुमची अँटीबॉडी पॉझिटिव्ह आहे एवढं एकदा कळलं, पुरे. बायोटिन बंद करून एकदा नीट तपासून घ्या. नंतर लक्ष ठेवायचं ते टीएसएचवर, साधारण वर्षातून एकदा.

तर्ककर्कश

टीएसएच बिघडण्याची शक्यता किती?

समुद्रफेन

इंग्लंडमधल्या व्हिकहॅम इथल्या लोकांना २० वर्षं पाहिलं गेलं. ज्या बायकांत फक्त अँटीबॉडीज होत्या, टीएसएच ठीक होतं, त्यांच्यात दरवर्षी साधारण २ टक्क्यांना हायपोथायरॉइडिझम झाला. दोन्ही बिघडलेलं असेल तर ४ टक्क्यांहून थोडं जास्त. म्हणजे घाबरण्यासारखं नाही, विसरण्यासारखंही नाही.

कृष्णविवर

पहिल्यांदाच लिहितोय. माझ्या गांधी एकाच जागी दोन-दोन दिवस राहतात, खाजेपेक्षा जळजळ जास्त, आणि गेल्यावर निळसर-तपकिरी डाग उरतो. थायरॉइड नॉर्मल आहे. हे यातच येतं का?

त्वचावैद्य

तुम्ही लवकर दाखवून घ्या. साध्या अर्टिकेरियात एकेक गांध २४ तासांच्या आत डाग न ठेवता मावळते. जास्त टिकणं, दुखणं, डाग उरणं ही अर्टिकेरियल व्हॅस्क्युलायटिसची लक्षणं असू शकतात. त्यात रक्तवाहिन्यांना सूज असते आणि निदानासाठी त्वचेचा छोटा तुकडा तपासावा लागतो. आज उठलेल्या गांधीभोवती पेनाने रेघ ओढून फोटो काढा, उद्या पुन्हा काढा. तज्ज्ञांना त्याची मोठी मदत होते.

आणि सगळ्यांसाठी : जीभ किंवा घसा सुजला, आवाज बदलला, श्वास कोंडला, चक्कर आली तर वाट न पाहता तातडीच्या विभागात जा. रक्तदाबासाठी एनालाप्रिल, रॅमिप्रिल या गटातली गोळी चालू असेल आणि गांधींशिवाय नुसतीच सूज येत असेल तर तेही डॉक्टरांना आवर्जून सांगा.

सुमेधा_आजी

अजून एक सांगते. खाज रात्री झोपू देत नाही आणि घरच्यांना सकाळी काहीच दिसत नाही, कारण गांधी गेलेल्या असतात. मग "एवढं काय होतं तुला" असं ऐकावं लागतं. घरात कोणाला हा त्रास असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवा. एवढं मला लिहायचंच होतं.

निळाई

आजी, तुम्हाला मिठी. बहीण हे वाचून रडली.

केतकीबन

आजी, खरंय.

एक शेवटचा प्रश्न, मग थांबते. आम्ही बाळाचा विचार करतोय. या अँटीबॉडीज आणि ही औषधं, दोन्हींचं काय?

त्वचावैद्य

आत्ताच दोन्ही डॉक्टरांना सांगा, दिवस राहायची वाट पाहू नका. अँटी-टीपीओ पॉझिटिव्ह असताना गरोदरपणात थायरॉइड अपुरं पडण्याची शक्यता वाढते, म्हणून टीएसएच आधी एकदा आणि दिवस राहिल्याचं कळताच पुन्हा करायचं, पुढेही ठरावीक अंतराने. तेव्हा थायरॉक्सिन लागलं तर ते बाळासाठी आणि तुमच्यासाठी, तिथे माझी वरची हरकत लागू नाही. अँटिहिस्टामिनमध्ये लोरॅटाडिन आणि सेटिरिझिन यांचा गरोदरपणातला अनुभव सर्वांत जास्त आहे, पण डोस तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचा.

अनिरुद्ध_द

आणि थायरॉक्सिन सुरू झालंच तर उपाशीपोटी घ्या. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या चार तासांनंतर. गरोदरपणात या गोळ्या असतातच, आणि एकत्र घेतल्या की थायरॉक्सिन नीट शोषलं जात नाही. माझ्या बायकोच्या वेळी हे कोणी सांगितलं नव्हतं.

केतकीबन

लिहून घेतलं. बायोटिन आजपासून बंद, पुढच्या आठवड्यात टीएसएच आणि अँटी-टीपीओ परत, मग दोन्ही डॉक्टरांकडे एकाच फाइलमध्ये सगळं नेते. सेटिरिझिन वाढवल्यापासून ओठ सुजलेला नाही, गांधी मात्र अजून आहेत. रिपोर्ट आले की इथे लिहीन.